‘रोगजंतू’ नक्की कुणाला म्हणायचं? (एक पिंप, दोन माणसं)

शंकासूर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. प्रश्न वरवर साधा आहे, पण डोक्यातून जात नाहीये.

आम्ही सिंहगड रोडला राहतो, धायरीच्या अंगाला. जानेवारी 2025 मध्ये आमच्या पट्ट्यात काय झालं ते पुणेकरांना नव्याने सांगायला नको. किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, रोज पेपरात आमचीच नावं. जीबीएस, म्हणजे गुइलेन बॅरे सिंड्रोम, नसांवर घाला घालून हातपाय लुळे पाडणारा आजार, हे नाव तोवर कुणाच्या कानावरूनही गेलं नव्हतं. बघता बघता आकडा दोनशेच्या वर गेला. आमच्या मजल्यावरचे काका त्यातलेच एक. आधी दोन दिवस जुलाब. ते थांबले, काका भाजी आणायला जाऊ लागले, आणि आठवड्याभराने सकाळी चहाचा कप हातातून सुटला. दुपारपर्यंत पाय उचलेना.

आता गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की काकूंनाही त्याच दिवशी जुलाब झाले होते. एकच नळ, एकच पिंप, एकच जेवण. काकू मीठ-साखरेच्या पाण्यावर तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला उभ्या राहिल्या आणि काका आयसीयूत. त्यांच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला. घरी येऊन वाचलं, तर हा जंतू कोंबड्यांच्या आतड्यात बिनदिक्कत राहतो आणि कोंबडीचं काही बिघडत नाही.

म्हणजे जंतू एकच. कोंबडीला काही नाही, काकूंना जुलाब, काकांना व्हेंटिलेटर. मग याला रोगजंतू म्हणायचं ते कशाच्या जोरावर? शास्त्रज्ञ हा शिक्का कसा मारतात? मुलगी अकरावीला आहे, तिच्या पुस्तकात ‘रोग निर्माण करणारा सूक्ष्मजीव म्हणजे रोगजंतू’ एवढं एका ओळीत उरकलंय. हे म्हणजे ‘चोरी करतो तो चोर’ झालं.

पाण्याचं राजकारण कृपया दुसऱ्या धाग्यावर.

सदाशिवपेठी

‘कृपया दुसऱ्या धाग्यावर’ लिहिलं की ते इथेच येतं, अनुभव आहे. आरओ लावलात का?

शंकासूर

लावला. प्रश्न तो नाहीये हो.

पेट्रीडिश

शंकासूर, प्रश्न साधा अजिबात नाही. माझी चौतीस वर्षं मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये गेली, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावते. कंटाळा आला तर खाली सरका.

सुरुवात रॉबर्ट कॉखपासून. 1876 मध्ये त्याने अँथ्रॅक्सचा जंतू पकडला, 1882 मध्ये क्षयाचा. या कामातून काही अटी तयार झाल्या, त्यांना आजही कॉखची गृहीतकं म्हणतात. तो जंतू प्रत्येक रुग्णात सापडला पाहिजे आणि निरोग्यात नाही. तो रुग्णातून काढून एकटा वाढवता आला पाहिजे. वाढवलेला जंतू धडधाकट प्राण्यात टोचला की तोच रोग झाला पाहिजे, आणि त्या प्राण्यातून तोच जंतू पुन्हा हाती लागला पाहिजे. पोलिसी खाक्या आहे हा. संशयित, ओळखपरेड, गुन्ह्याची पुनरावृत्ती. त्या काळी ‘वाईट हवेने रोग होतात’ म्हणणाऱ्यांचं तोंड बंद करायला असलंच काहीतरी हवं होतं.

पण खुद्द कॉखलाच हे पुरेना. पटकीचा (कॉलराचा) जंतू शोधत तो 1883 मध्ये इजिप्तला गेला, तिथून कोलकात्याला. जंतू मिळाला, वाढवता आला, पण जनावरांना काही केल्या माणसासारखी पटकी होईना. तिसरी अट तिथेच लटकली. (ती गाठ सुटली ती कोलकात्यातच, पण सत्तर वर्षांनी. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले, आतडं पाण्याने फुगलं. 1959 मध्ये त्यांनी दाखवलं की नुसतं जंतूने सोडलेलं विषही तेच करतं. या माणसाचं नाव आपल्याकडे शाळेत का नाही, हा वेगळा धागा होईल.)

पुढे निरोगी माणसांतही पटकीचे, विषमज्वराचे (टायफॉइडचे) जंतू सापडायला लागले. न्यूयॉर्कमधली ती स्वयंपाकीण, मेरी मॅलन, तुम्ही ऐकली असेल. स्वतः ठणठणीत, आणि जिथे कामाला जाईल तिथे टायफॉइड. पहिल्या अटीचा दुसरा अर्धा भाग तिथे गळून पडला. कुष्ठरोगाचा जंतू तर हॅन्सनने 1873 मध्येच पाहिला होता, पण तो आजतागायत काचेच्या बशीत वाढवता आलेला नाही. मग काय, तो रोगजंतू नाही म्हणायचं?

चहा घेऊन येते.

चहाटळ

पेट्रीताई, तुमचा चहा होईतो एक बालिश शंका. पुस्तकात जंतू ज्याच्या अंगात राहतो त्याला ‘यजमान’ म्हणतात. आमची आजी आजोबांना यजमान म्हणायची. ‘यजमान बाहेर गेलेत.’ जंतू-यजमान नातेसंबंध असं वाचलं की मला वाटतं विवाहसमुपदेशन चाललंय.

पेट्रीडिश

चहाटळ, फार चुकलेलं नाही तुमचं. दोघांपैकी एकालाच बघून संसार कसा चाललाय ते सांगता येत नाही.

त्यात ‘कॉमेन्सल’ नावाचा प्रकार आहे, आपल्या पुस्तकांत सहभोजी. मूळ अर्थच एका टेबलावर जेवणारे. आपल्याकडचा शब्द पंगत. माणसाच्या अंगावर आणि पोटात जिवाणूंच्या साधारण 38 लाख कोटी पेशी पंगतीला बसलेल्या असतात, आणि आपल्या स्वतःच्या पेशी आहेत 30 लाख कोटींच्या आसपास. या पाहुण्यांतले बहुतेक मुकाट जेवतात, काही तर वाढायला मदतही करतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र बघा. साधारण दर तीन माणसांत एकाच्या नाकात तो गुपचूप बसलेला असतो. तोच शस्त्रक्रियेच्या जखमेतून रक्तात उतरला तर जीव घेतो. तो सहभोजी की रोगजंतू? पुस्तकवाल्यांनी यावर ‘संधिसाधू रोगजंतू’ असा तिसरा कप्पा काढला. मला तो शब्द पहिल्यापासून खटकतो. त्याने संधी साधली असं आपण म्हणतो, पण दार आपण उघडलेलं असतं.

रात्रपाळी

दाराचा विषय निघालाच आहे तर लिहितो. मी आयसीयूत काम करतो, कुठे ते सांगत नाही.

2021 चा मे महिना. दुसरी लाट ओसरत होती आणि काळी बुरशी सुरू झाली. डोळ्याखाली सूज, टाळूवर काळा डाग, आणि दोन दिवसांत डोळा काढायची वेळ. नातेवाईक विचारायचे, ही बुरशी आली कुठून? त्यांना काय सांगणार? म्युकरवाल्या बुरश्या मातीत आहेत, कुजलेल्या पाल्यात आहेत, तुमच्या शिळ्या पावावर जी काळपट लव येते तिच्यात त्यांचीच भावंडं आहेत. त्यांचे बीजाणू तुम्ही-मी जन्मभर श्वासातून घेतोय. बुरशी बदलली नव्हती, बदलले होते आमचे पेशंट. आधीचा मधुमेह, वर स्टिरॉइडने चढलेली साखर. त्यात रक्त आम्लधर्मी झालं की बांधलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोह म्हणजे खुराक.

कोविडआधी मी ‘घातक बुरशी’ हा शब्द सहज वापरायचो. आता जीभ अडखळते.

आणि शंकासूर, तुमच्या काकांच्या बाबतीत तर प्रकार आणखी पुढचा आहे. तिथे जंतूने नसांना हातही लावलेला नसतो. कॅम्पिलोबॅक्टरच्या काही वाणांच्या अंगावर साखरेच्या रेणूंची एक नक्षी असते. आपल्या नसांवर जे गँग्लिओसाइड नावाचे रेणू असतात, त्यांच्याशी ती नक्षी इतकी मिळतीजुळती की जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) पुढे नसांवरच तुटून पडतात. म्हणून मधे तो आठवड्याभराचा खंड. जुलाब थांबले तेव्हा काकांचं शरीर लढाई जिंकलं होतं, आणि जिंकलेलं सैन्य परत जायच्या वाटेवर घरच्यांवरच उलटलं. उपचारही बघा ना. जीबीएसला आम्ही आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं, शिरेतून) देतो किंवा प्लाझ्मा बदलतो, दोन्ही त्या उलटलेल्या प्रतिपिंडांचा बंदोबस्त करण्यासाठी. अँटिबायोटिकने नसा सुधारत नाहीत, कारण नसांत मारण्यासारखा जंतूच नसतो. कॅम्पिलोबॅक्टर झालेल्या हजारात साधारण एकाला हे होतं. काकू उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांतल्या.

शंकासूर

रात्रपाळी, हे मला तिथे कुणी असं सांगितलं असतं तर त्या पंधरा दिवसांत जंतूवर एवढा चिडलो नसतो. बाहेर बाकावर बसून मी ‘अँटिबायोटिक का देत नाहीत’ म्हणून वाद घालत होतो.

मुळापासून

शेवटी काय, जंतू वगैरे थोतांड आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. शरीर शुद्ध असेल तर कुठलाही जंतू काही करू शकत नाही. औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा.

पेट्रीडिश

हे येणार याची वाट बघत होते.

मुळापासून, तुमच्या आधी हे एका फार मोठ्या माणसाने म्हटलंय. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर, सार्वजनिक आरोग्यातलं बडं नाव. कॉख चुकतोय हे दाखवायला 1892 मध्ये त्यांनी पटकीचे जिवंत जंतू सरळ पिऊन टाकले. वय त्र्याहत्तर. थोडे जुलाब झाले, बाकी काही नाही. ते म्हणाले, बघा, नुसत्या जंतूने पटकी होत नाही. त्याच वर्षी हँबर्गमध्ये पटकीने हजारो माणसं मेली, ती काय सगळी अशुद्ध होती?

यजमान महत्त्वाचा आहे याचा अर्थ जंतू नगण्य आहे असा होत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की पैलवान असो की योगी, वाचणं जवळजवळ अशक्य. तिथे शुद्धीचा काही उपयोग नाही, कुत्रं चावल्याबरोबर लस घ्यायची. कुणी हे वाचून लस टाळू नका, हात जोडते.

बागवाला

मी नारायणगावकडचा. द्राक्षं आहेत. तुमच्या माणसांच्या रोगातलं कळत नाही, पण हे भांडण आमच्या बागेत दर साल होतं म्हणून लिहितो.

डावणी म्हणजे डाऊनी मिल्ड्यू. तिचं बी बागेत कायम असतंच, गेल्या सालच्या पडलेल्या पानात. ऑक्टोबर छाटणी झाली, पोंगा फुटला, आणि पाऊस लागून पान रात्रभर ओलं राहिलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पानावर तेलकट डाग. आठवड्यात घड गेले म्हणून समजा. तेच जर ऊन पडलं, वारा सुटला, तर त्याच बागेत, त्याच वेलीवर काहीसुद्धा नाही. आमच्या कृषी सहायकाने बांधावर काठीने त्रिकोण काढून दाखवला होता. एका कोपऱ्यात पीक, एकात रोग, एकात हवामान. तिन्ही जुळले तरच नुकसान. तुम्ही लोक मघापासून दोनच कोपरे धरून भांडताय.

दुसरं. ही डावणी मुळात अमेरिकेतली. तिकडच्या जंगली वेलींचं आणि तिचं चालून जायचं. 1870 नंतर ती फ्रान्सला पोचली, तिथल्या वेलींनी तिला कधी बघितलंच नव्हतं, बागाच्या बागा बसल्या. त्यातूनच मोरचूद आणि चुना निघाला, बोर्डो. आज आम्ही मारतो तोच. मग सांगा, डावणी अमेरिकेत रोग नव्हती आणि बोट चढून उतरल्यावर झाली का?

पेट्रीडिश

बागवालेदादा, चौतीस वर्षं शिकवलं, पण तो काठीचा त्रिकोण मी कधी फळ्यावर काढला नाही. वनस्पतींवर काम करणाऱ्यांना हे आमच्याआधी उमगलं होतं. आमच्यातले बरेच जण अजून सूक्ष्मदर्शकातून एकटा जंतूच बघत बसतात.

आता शंकासूरांच्या मूळ प्रश्नाकडे. व्याख्या. 1999 मध्ये आर्तुरो कासादेवाल आणि लीझ-अॅन पिरोफ्स्की या दोघांनी सगळा चष्माच बदलायचा प्रस्ताव मांडला. ते म्हणाले, जंतूकडे किंवा यजमानाकडे बघून कप्पे पाडू नका, मोजायचं असेल तर इजा मोजा. यजमानाला किती इजा झाली, बस. रोगजंतू म्हणजे यजमानाला इजा करू शकणारा सूक्ष्मजीव. इजा जंतूच्या विषाने होवो, की यजमानाच्या स्वतःच्या प्रतिकाराने, की दोन्हींनी.

कागदावर एक आडवी रेघ काढा, डावीकडे दुबळा प्रतिकार, उजवीकडे अतिरेकी. उभी रेघ इजेची. वक्र येतो पसरट वाटीसारखा. डाव्या काठाला काळ्या बुरशीचे पेशंट, प्रतिकार नाही म्हणून जंतू मोकाट. उजव्या काठाला तुमचे काका, प्रतिकारच घाव घालतोय. मधल्या तळाशी काकू. क्षयाचा जंतू तर अख्ख्या वाटीभर फिरतो. जगातल्या साधारण पाव लोकसंख्येच्या शरीरात त्याचा संसर्ग कधीतरी झालाय, पण त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी क्षय उठतो. बाकीचे त्याला घेऊन जगतात आणि म्हातारपणी दुसऱ्याच कशाने तरी जातात.

यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे ‘उग्रता’, म्हणजे रोग करण्याची ताकद, ही जंतूच्या खिशात ठेवलेली वस्तू उरत नाही. घटसर्पाचा (डिप्थीरियाचा) जंतू घ्या. त्याचं प्रसिद्ध विष त्याचं स्वतःचं नसतंच. त्या जंतूलाच एक विषाणू लागलेला असतो, फाज, आणि विषाचा जनुक त्या विषाणूचा. ज्या घटसर्पाच्या जंतूला स्वतःला लागण झालेली नाही, त्याला ते विष बनवताच येत नाही. म्हणजे रोगजंतूही कुणाचा तरी यजमान.

सदाशिवपेठी

हे सगळं ठीक. पण प्लेगचं काय? 1897 मध्ये या पुण्यात प्लेग होता, सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता त्यातच गेल्या. तिथेही ‘नातेसंबंध’ म्हणायचं का? काही जंतू जन्मजात खुनी असतात असं म्हणायला एवढे का लाजता?

पेट्रीडिश

रास्त. लाजत नाही. माणसाच्या बाजूने बघितलं तर प्लेगला सौम्य शब्द शोधण्यात अर्थ नाही. पण त्याच जंतूचे इतर यजमान बघा. मध्य आशियातले काही वाळवंटी उंदीर त्याला अंगात घेऊन चांगले जगतात. आपल्या गल्लीतला काळा उंदीर मरतो. आणि पिसू? तिच्या पोटात हा जंतू असा गोळा करून बसतो की रक्त खाली उतरतच नाही. ती उपाशी, म्हणून वेड्यासारखी चावत सुटते, आणि प्रत्येक चाव्यात जंतू मागे टाकते. शेवटी तीही उपासमारीने मरते. प्लेग म्हटलं की आपल्याला फक्त आपलीच गोष्ट आठवते.

कासादेवाल-पिरोफ्स्की तर 2014 मध्ये ‘नेचर’मध्ये लिहून मोकळे झाले की ‘रोगजंतू’ हा शब्दच मोडीत काढा. इथे मात्र माझं त्यांच्याशी जुळत नाही.

सदाशिवपेठी

काढा मोडीत. मग पाषाणला एनआयव्हीची, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेची, जी बीएसएल-4 (सगळ्यात कडक सुरक्षेची) लॅब आहे तिच्या दारावर काय पाटी लावणार? ‘आत काही जीव आहेत, त्यांच्याशी तुमचे संबंध कसे राहतील ते तुमच्यावर अवलंबून’?

चहाटळ

पाटी खास पुणेरी झाली. खाली ‘दुपारी 1 ते 4 जंतू विश्रांती घेतात’ एवढं राहिलं.

पेट्रीडिश

हसून हसून पुरेवाट. पण मुद्दा नेमका तोच. लॅबमध्ये काम करणाऱ्या पोरीला यादी लागते. हा जंतू उघड्या टेबलावर हाताळायचा, हा कॅबिनेटमध्ये, हा अंगभर सूट घालून. ती यादी जंतूच्या नावानेच करावी लागते, कारण टेबलावर यजमान कोण आहे तर ती पोरगी, आणि तिची साखर किती आहे ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. शब्द राहू दे. मात्र तो विशेषण म्हणून वापरावा, जात म्हणून नको.

शंकासूर

मुलीला सगळा धागा वाचायला दिला. तिचा प्रश्न: मग दह्यातला लॅक्टोबॅसिलससुद्धा रोगजंतू होऊ शकतो का?

रात्रपाळी

होऊ शकतो, अगदी क्वचित. प्रतिकारशक्ती पार खचलेल्या किंवा हृदयाची झडप आधीच खराब असलेल्या पेशंटच्या रक्तात तो सापडल्याची उदाहरणं आहेत. तिला सांगा, दही बिनधास्त खा.

शंकासूर

तिने वहीत लिहिलेली व्याख्या, जशीच्या तशी: ‘जो सूक्ष्मजीव एखाद्या विशिष्ट यजमानात, विशिष्ट परिस्थितीत, स्वतः किंवा यजमानाच्या प्रतिकारामार्फत इजा करतो, त्याला त्या यजमानापुरता रोगजंतू म्हणावे.’ परीक्षेत याला किती मार्क मिळतील माहीत नाही.

पेट्रीडिश

‘करतो’च्या जागी ‘करू शकतो’ घाल म्हणावं. नाहीतर मेरी मॅलन सुटेल. बाकी मी पैकीच्या पैकी दिले असते.

शंकासूर

रविवारी काकांकडे गेलो होतो. आता काठी न घेता दोन मजले चढतात, डाव्या हाताची पकड अजून कच्ची आहे, कप दोन हातांनी धरतात. त्यांना रात्रपाळींची ती सैन्याची गोष्ट सांगितली. काका गप्प झाले. काकू आतून म्हणाल्या, “सैन्य कसलं डोंबलाचं. चोरासारखा दिसतो म्हणून घरच्यालाच बदडलंन्.” काका हसले, बऱ्याच दिवसांनी.

बागवालेदादा, मुलीला ती डावणी प्रत्यक्ष बघायची आहे. छाटणीनंतर आलो तर चालेल का?

बागवाला

या की. पान उलटं करून दाखवीन, खालच्या बाजूला पांढरी लव असते, भिंगातून बघण्यासारखी. सकाळी लवकर या, दव असताना. बागेत शिरायच्या आधी बूट धुवायला लावीन, राग मानू नका. अलीकडच्या बांधाला माझं डाळिंब आहे, आणि तुम्ही येणार त्या रस्त्यावरच्या बागेत तेल्या, डाळिंबाचा जिवाणूचा रोग, आहे.